चेहरा उचलण्याची शस्त्रक्रिया : विचार केव्हां करावा ?

आजच्या भाषणाचा विषय ऐकून कांहीं जण हंसतील व कांहीं जण कान टवकारतील, हें मी धरून चाललों आहें. उतारवयांत गालांची व मानेची कातडी सैल पडून खालीं उतरते. शस्त्रक्रियेनें ती पुनः वर उचलून बसवितां येते. या शस्त्रक्रियेला ‘फेसलिफ्ट’ म्हणतात आणि शहरांतील सुशिक्षित घरांत हा शब्द आतां परका राहिलेला नाहीं. ती चांगली कीं वाईट, हा वाद मी येथें मांडणार नाहीं. तिचा विचार कोणीं, केव्हां आणि कोणत्या कसोट्या लावून करावा, एवढाच आजचा प्रश्न आहे.

मी वैद्य नव्हे. मॅट्रिक होऊन, गोंदिया जिल्ह्यांतील गोरेगांवीं मुलांना शिकवून निवृत्त झालेला एक शिक्षक आहें. शिक्षकाला एक संवय जडते : उत्तराकडे धांवण्यापूर्वीं प्रश्न नीट मांडला आहे कीं नाहीं, हें तो पाहतो. आणि या विषयांत बहुधा प्रश्नच चुकीचा मांडला जातो. ‘माझें वय पंचावन्न झालें, आतां करावी काय ?’ असें एक जण विचारतो. ‘अमकीनें केली, मग मी कां करूं नये?’ असें दुसरी विचारते. घरच्या माणसांची तऱ्हा याहून वेगळी नसते. कोठें नुसती थट्टा, तर कोठें नुसती घाई. थट्टेच्या भीतीनें माणूस कोणाला न विचारतां भलत्या ठिकाणीं जातो. घाईच्या भरांत तो विचारण्याचेंच विसरतो. दोन्हींकडून डोळस निर्णय मात्र होत नाहीं.

प्रथम शब्दाविषयीं थोडें. ‘प्लास्टिक सर्जरी’ या नांवांतील ‘प्लास्टिक’चा बाजारांतील प्लास्टिकशीं कांहीं संबंध नाहीं. घडविणें, आकार देणें, या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून तें नांव आलें आहे. मराठींत या शाखेला सुघटनशल्य म्हणतात, तें यथार्थच आहे. ही विद्या म्हणजे परदेशांतून आलेली चैन होय, असा कोणाचा समज असेल तर तोहि दूर करावा. कापलेल्या नाकाच्या जागीं गालाची कातडी वळवून नवें नाक घडविण्याचा विधि सुश्रुतसंहितेंत सांगितला आहे. आपल्या महाराष्ट्रांतील पुण्याची हकीकत तर जगप्रसिद्ध आहे. इंग्रजांच्या फौजेंत बैल हांकणारा कावसजी नांवाचा एक मनुष्य १७९२ च्या म्हैसूरच्या युद्धांत टिपूच्या सैन्याच्या हातीं सांपडला व त्याचें नाक आणि एक हात कापण्यांत आला. सुमारें वर्षभरानें पुण्याजवळच्या, विटा करणाऱ्या जातीच्या एका कारागिरानें त्याला नवें नाक दिलें. त्यानें मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागीं बसवून माप घेतलें. तो कपाळावर सपाट पसरून भोंवतीं रेघ आंखली. तेवढीच कातडी सोडवून, तिचा देंठ भुंवयांमध्यें तसाच जोडलेला ठेवून, ती खालीं वळविली. देंठांतून रक्त खेळत राहिलें म्हणून कातडी जगली. हें वृत्त लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकांत चित्रासह छापलें गेलें, आणि पुढें १८१४ सालीं जोसेफ कार्प्यू या शस्त्रवैद्यानें लंडनमध्यें याच रीतीनें नाक घडविलें. कातडी जगते ती रक्तावर, हा त्या कारागिराचा धडा आपल्याला पुढें पुनः लागणार आहे. तो ध्यानांत असूं द्या.

आमच्या विदर्भाचाहि या शास्त्रांत वांटा आहे. १९५८ सालीं नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत डॉ. सी. बालकृष्णन यांनीं या शाखेचा स्वतंत्र विभाग सुरू केला. देशांतील अगदीं आरंभींच्या विभागांत त्याची गणना होते. पण आजच्या विषयाच्या दृष्टीनें याहूनहि जवळचें उदाहरण कुष्ठरोगाचें आहे. या रोगाला विदर्भानें फार जवळून पाहिलें आहे. वर्ध्याजवळ दत्तपूर येथें मनोहर दिवाण यांनीं १९३६ सालीं आणि वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनीं १९४९ सालीं याच रोग्यांसाठीं काम उभारलें. या रोगाच्या एका प्रकारांत चेहऱ्याची कातडी जाड होऊन फुगते व तिच्यांतील ताण धरणारे तंतु नष्ट होतात. औषधानें रोग बरा होतो, फुगीरपणा ओसरतो. पण ताण गेलेली कातडी पिशवीसारखी लोंबूं लागते. तिशींतील माणूस साठीचा दिसतो. रोग गेला, तरी चेहरा रोगाची साक्ष देत राहतो व गांव त्याला दारांत उभें करीत नाहीं. अशा रोग्यांची जास्तीची कातडी काढून उरलेली ताणून बसविणें हा कुष्ठरोगाच्या शल्यशास्त्रांतील एक मान्य उपचार ठरला. पुण्याजवळ कोंढवा येथें व पुढें मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत डॉ. नोशीर अंतिया यांनीं कुष्ठरोग्यांच्या विद्रूप झालेल्या चेहऱ्यांवर अशा पुनर्रचनेचें मोठें काम केलें.

येथें थोडें थांबून विचार करूं. शहरांतील सुखवस्तु बाई जी शस्त्रक्रिया मागते, तीच या रोग्यावर होते. शस्त्र तेंच, छेद जवळजवळ तोच. मग आपल्याला एक योग्य वाटते व दुसरी चैन वाटते, ती कां ? रोग्याच्या बाबतींत तीन गोष्टी स्पष्ट असतात. व्यंग कोठें आहे तें बोट ठेवून दाखवितां येतें. तें व्यंग याच शस्त्रक्रियेनें दूर होणारें असतें. आणि तें दूर झालें म्हणजे अडलेलें जीवन पुढें चालूं लागतें. या तीन गोष्टी ज्याच्या बाबतींत जुळतील त्यानें खुशाल विचार करावा, मग तो रोगी असो वा निरोगी. ज्याच्या बाबतींत त्या जुळत नाहींत, त्यानें थांबावें. माझें आजचें सर्व सांगणें या एका वाक्याचाच विस्तार आहे.

निरोगी माणसाचें जीवन चेहऱ्यामुळें अडतें तरी कसें, असें कोणी विचारील. पॅरिसमध्यें सुझान नोएल नांवाच्या एक शस्त्रवैद्य बाई होऊन गेल्या. पहिल्या महायुद्धांत त्यांनीं चेहऱ्यावर जखमा झालेल्या सैनिकांवर उपचार केले होते. १९२६ सालीं त्यांनीं सौंदर्यशल्याच्या सामाजिक कार्यावर एक ग्रंथ लिहिला. ज्या स्त्रियांना पोटासाठीं नोकरी करणें भाग होतें, पण म्हातारी दिसते म्हणून ज्यांना काम मिळेना किंवा असलेलें टिकेना, अशा स्त्रियांचा कैवार त्यांनीं घेतला. त्यांना शंभर वर्षें होत आलीं. तरी ज्या व्यवसायांत माणसाला प्रथम पाहतात व मागाहून ऐकतात, तेथें ही अडचण आजहि आहे. आमच्या झाडीपट्टींत दिवाळीनंतर रात्रभर नाटकें चालतात. तेथील नट रंग लावून दहा वर्षें झांकूं शकतो. परंतु कचेरींत लोकांसमोर बसणाऱ्या माणसाला रंगाचा असा आधार नसतो. म्हणून जीवन अडल्याची तक्रार हंसण्यावारी नेऊं नये. ती खरी आहे कीं नाहीं, हें मात्र तपासून घ्यावें.

आतां चेहरा म्हातारा कसा होतो तें पाहूं. कारण जें घडतें तें कळल्याशिवाय काय दुरुस्त होईल तें कळणार नाहीं. चेहऱ्यांत बाहेरून आंत जातांना कातडी, तिच्याखालीं चरबीचे लहान लहान गोळे, त्याखालीं स्नायूंना चिकटलेला एक चिवट पडदा, मग स्नायु व शेवटीं हाड, असे थर असतात. वयानुसार कातडी पातळ होते व तिचा ताण जातो. चरबी कोठें झिजते, तर कोठें खालीं ओघळते. म्हणून गालफडें बसतात आणि जबड्याच्या कडेला मात्र लोंबती घडी पडते. खालचें हाडहि झिजतें. ज्या तंबूचे खांब आंखूड झाले त्याचें कापड सैल पडणारच. उन्हाचा भाग तर फार मोठा आहे. रोवणीच्या दिवसांत बांधीमध्यें ओणवें राहून मान उन्हांत भाजून घेणाऱ्या बाईची व सावलींत बसून काम करणाऱ्या तिच्या बहिणीची मान चाळिशींतच वेगळी दिसते. हा फरक जन्माचा नव्हे, उन्हाचा आहे.

या शस्त्रक्रियेचें शास्त्रीय नांव ‘ऱ्हिटिडेक्टमी’, म्हणजे अक्षरशः ‘सुरकुत्या कापून काढणें’. हें नांव फसवें आहे. तिनें बारीक सुरकुत्या निघत नाहींत. तिचें काम उतरलेला भाग वर नेणें हें आहे, आणि तेंहि मुख्यतः चेहऱ्याच्या खालच्या भागांत व मानेवर. जबड्याच्या कडेची लोंबती घडी, हनुवटीखालचा सैल पडदा, नाकापासून तोंडाच्या कोपऱ्यापर्यंतची खोल पन्हळ, यांपैकीं पहिल्या दोहोंवर तिचा गुण चांगला येतो व तिसरीवर बेताचाच येतो. कपाळाच्या आंठ्या, डोळ्यांखालच्या पिशव्या, ओंठांवरच्या उभ्या रेघा, काळे डाग व कातडीचा खरखरीतपणा यांवर ती उपाय नव्हे. आमच्याकडे तलावांची दुरुस्ती दोन प्रकारची असते : फुटकी पाळ बांधणें हें एक काम व साचलेला गाळ काढणें हें दुसरें. पाळ बांधली म्हणून गाळ निघत नाहीं. ही शस्त्रक्रिया पाळ बांधण्याचें काम आहे. गाळाची तक्रार घेऊन तिच्याकडे जाणाऱ्याची निराशा ठरलेली आहे.

म्हणून पहिली कसोटी ही : तक्रार नेमकी कोठें आहे ? कागद घेऊन आपल्याला खटकणाऱ्या गोष्टी तीन ओळींत लिहाव्या. ‘मी थकलेली दिसतें’ हें उत्तर शाळेंत अपुरें म्हणून परत केलें जाईल. थकलेली कशामुळें ? डोळ्यांमुळें, कीं कपाळामुळें, कीं मानेमुळें ? मग हातांत आरसा धरून उताणें निजावें व चेहरा पाहावा. निजल्यावर ओघळलेली कातडी मागें सरते. त्या वेळीं तक्रार पुष्कळशी नाहींशी झाली, तर ती उतरलेल्या कातडीची आहे. निजूनहि ती तशीच राहिली, तर तिचें मूळ दुसरीकडे आहे. वैद्याची तपासणी अर्थात् वेगळी. पण वैद्याकडे काय विचारावयाचें तें एवढ्यानें कळतें.

येथेंच आणखी कांहीं गोष्टी निवडून बाजूला ठेवाव्या. दाढा व दांत गेले म्हणजे जबड्याचें हाड झिजतें, गाल आंत जातात व नाक आणि हनुवटी जवळ येतात. अशा माणसाला बऱ्याचदां शस्त्रवैद्याच्या आधीं दांतांच्या वैद्याची गरज असते. चांगली कवळी बसली कीं चेहऱ्याची उंची परत येते. वरची पापणी एवढी उतरली असेल कीं पाहण्यास अडथळा होतो, तर तें नेत्रवैद्याचें काम आहे व तें वेगळें आहे. नुकतेंच पुष्कळ वजन उतरलें असेल किंवा उतरावयाचें असेल, तर वजन निदान सहा महिने स्थिर होऊं द्यावें. आणि चेहऱ्याची एकच बाजू एकाएकीं उतरली, तोंड वांकडें झालें, बोबडी वळली, तर तें वय नव्हे. तो मेंदूचा आघात असूं शकतो. घटकाभरहि न थांबतां रुग्णालय गांठावें.

दुसरी कसोटी : इच्छा कोणाची ? नवऱ्यानें टोंकलें, मुलांनीं छायाचित्र पाहून शेरा मारला, मैत्रिणीनें केली, किंवा फोनमधल्या कांचेनें पांढरा गुळगुळीत मुखवटा चढवून दाखविला, या सर्व दुसऱ्यांच्या इच्छा होत. दुसऱ्याच्या इच्छेनें घेतलेली जखम आपल्या अंगावर राहते. स्वतःची इच्छा ओळखण्याची साधी खूण म्हणजे ती टिकते. वर्षभरापूर्वीं जी गोष्ट खटकत होती तीच आज खटकते काय ? घरांत मृत्यु झाला, काडीमोड झाली, नोकरीवरून निवृत्ति झाली, अशा वेळीं आरसा खोटें बोलतो. त्यांत दिसतें तें वय नसून दुःख असतें. अशा प्रसंगानंतर निदान वर्षभर हा निर्णय करूं नये, असें माझें मत आहे.

याच कसोटींत एक गंभीर गोष्ट येते. कांहीं माणसांना आपल्या चेहऱ्यांत, इतरांना दिसतहि नाहीं असें व्यंग सारखें दिसत असतें. तीं दिवसांतून अनेकदां आरसा पाहतात किंवा आरसा मुळींच टाळतात, माणसांत जाण्याचें सोडतात, एक उपचार झाला कीं दुसरा शोधतात. एनरिको मोर्सेली या इटालियन वैद्यानें १८९१ सालीं या विकाराचें वर्णन केलें. हा मनाचा विकार आहे व त्यावर उपचारहि आहेत. परंतु शस्त्र हा त्यावरचा उपचार नव्हे. शस्त्रक्रियेनें या माणसांचें समाधान सहसा होत नाहीं, उलट तळमळ वाढण्याचा संभव असतो. घरांतील कोणी असें वागत असेल, तर थट्टा न करतां व पैसेहि न मोजतां त्यास प्रथम मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावें.

तिसरी कसोटी शरीराची. लोक वय विचारतात; परंतु वैद्य वयापेक्षां प्रकृति विचारतो. ही शस्त्रक्रिया बहुतेक लोक पंचेचाळीस ते सत्तर या वयांत करवितात. तथापि तिला ठराविक वय नाहीं. निरोगी अडुसष्ट हें आजारी पन्नासापेक्षां बरें. फार लवकर केली तर उचलण्यासारखें थोडेंच असतें. फार उशीरां केली तर कातडींत धरून ठेवण्याची शक्ति कमी असते. रक्तदाब ताब्यांत हवा, कारण या शस्त्रक्रियेचा सर्वांत नेहमींचा अपाय म्हणजे कातडीखालीं रक्त सांचणें, आणि तो बहुधा पहिल्या चोवीस तासांतच होतो. चढलेल्या रक्तदाबानें तो धोका वाढतो; पुरुषांत तो स्त्रियांपेक्षां अधिक असतो. मधुमेह आटोक्यांत हवा, नाहींतर जखम भरत नाहीं. रक्त पातळ करणारीं औषधें, ॲस्पिरिन व कित्येक जडीबुटींच्या गोळ्या यांची यादी वैद्यापुढें ठेवावी. हृदयविकारासाठीं दिलेलीं औषधें मात्र त्या वैद्याला विचारल्याशिवाय स्वतः होऊन बंद करूं नयेत.

आणि तंबाखू ! पुण्याच्या त्या कारागिराचा धडा येथें आठवावा. शस्त्रक्रियेंत कातडी खालच्या थरापासून सोडविली जाते व कांहीं दिवस ती कडेच्या बारीक रक्तवाहिन्यांवर जगते. तंबाखूंतील निकोटीन नेमक्या याच वाहिन्या आकुंचित करतें. परिणामीं कानामागची कातडी काळी पडून मरते व उरतो तो मोठा व्रण. विडी-सिगारेटबरोबरच आमच्या भागांतील खर्राहि यांत आला. तो धूर काढीत नाहीं म्हणून निरुपद्रवी ठरत नाहीं. शस्त्रक्रियेच्या आधीं व नंतर निदान चार चार आठवडे तंबाखू पूर्ण बंद हवी. खर्ऱ्यांतील सुपारीनें आणखी एक घोळ होतो. गालांचें आंतील अस्तर ताठ होऊन तोंड उघडेनासें होतें, आणि भूल देणाऱ्या वैद्याला श्वासाची नळी घालणें कठीण जातें. तोंडांत तीन बोटें उभीं मावत नसतील तर तें आधीं सांगावें. किंबहुना तें स्वतंत्रपणें तपासून घ्यावें, कारण अशा तोंडांत कर्करोगाचा धोका वाढलेला असतो. ज्याला चेहऱ्यासाठीं लाखो रुपये खर्चावयाचे आहेत पण खर्रा सोडवत नाहीं, त्याची वेळ अजून आलेली नाहीं. ती येईपर्यंत खर्रा सोडला तर चेहऱ्याचा व आयुष्याचा फायदाच आहे.

चौथी कसोटी वेळेची, पैशाची व घराची. शस्त्रक्रिया कांहीं तासांची असते. संपूर्ण भूल देऊन, किंवा गुंगी आणून जागा बधिर करून ती करतात. कानशिलाच्या केसांपासून कानाच्या पुढून, पाळीखालून, मागें मानेच्या केसांपर्यंत छेद जातो. आंतील चिवट पडदा ताणून टांके घालतात, मग जास्तीची कातडी काढून उरलेली फार न ताणतां बसवितात. १९७६ सालीं मिट्झ व पेरोनी या फ्रेंच शस्त्रवैद्यांनीं या पडद्याचें नीट वर्णन केल्यापासून ही रीत रूढ झाली. तत्पूर्वीं नुसती कातडी ओढीत, त्यामुळें चेहरा वाऱ्यांत धरल्यासारखा दिसे व गुणहि लवकर ओसरे. टांके आठवड्याच्या आसपास निघतात. सूज व काळेनिळेपणा दोन-तीन आठवडे राहतो. जड काम व व्यायाम महिना-दीड महिना बंद. कानाभोंवतींचा बधिरपणा कित्येक आठवडे, कधीं महिने राहतो. व्रण फिका पडण्यास वर्ष लागतें. आपल्यासारख्या सांवळ्या कातडींत व्रण जाड होण्याचा व काळा पडण्याचा संभव अधिक असतो. कान टोंचल्यावर किंवा लस घेतल्यावर ज्याच्या अंगावर गांठीसारखा व्रण उठला असेल, त्यानें तो वैद्याला आवर्जून दाखवावा. चेहऱ्याचे स्नायु हलविणाऱ्या नसेला इजा होणें हा मोठा धोका. तो क्वचित् होतो व बहुतेकदां तात्पुरता असतो, पण कायमचाहि असूं शकतो.

एवढें ऐकल्यावर लग्नसराईचा हिशेब आपोआप कळतो. मुलीचें लग्न महिन्यावर आलें असतां ही शस्त्रक्रिया करविणें म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्रीं पुस्तक उघडणें होय. लग्नकार्याच्या आधीं निदान तीन महिने मोकळे हवेत. पहिले कांहीं दिवस घरांत जवळ राहणारें, डोकें उंच ठेवून निजविणारें, वेळेवर औषध देणारें माणूस हवें. तें नसेल, तर तीहि थांबण्याची खूण समजावी.

खर्च बहुधा लाखांत मोजावा लागतो. सौंदर्यासाठीं केलेली शस्त्रक्रिया आरोग्यविम्यांतून सामान्यतः वगळलेली असते व वैद्यकीय सेवेला असलेली करमाफीहि तिला मिळत नाहीं. अपघात, भाजणें, जन्माचें व्यंग यांनंतरची पुनर्रचना मात्र या नियमांत वेगळी धरतात. आरंभीं मीं जो भेद सांगितला, तोच कायद्यानेंहि ओळखला आहे. गुण आयुष्यभराचा नसतो. साधारणतः सात ते दहा वर्षें तो चांगला दिसतो. घड्याळ मागें सरकतें, थांबत नाहीं. म्हणून मुलांच्या शिक्षणासाठीं ठेविलेला किंवा कर्जाऊ काढलेला पैसा यांत घालूं नये.

या चार कसोट्यांना उतरल्यावरच वैद्य निवडावा. प्रथम साधारण शल्याचें व मग सुघटनशल्याचें, म्हणजे एम्. सीएच्. किंवा तत्सम पदवीचें, शिक्षण झालेला तो असावा. राज्याच्या वैद्यक परिषदेंत त्याची नोंद आहे कीं नाहीं हें पाहतां येतें. त्याला सरळ विचारावें : ही शस्त्रक्रिया आपण नियमानें करतां काय ? भूल कोण देणार ? रात्रीं रक्त सांचलें तर कोण धांवून येईल ? माझ्या तक्रारीपैकीं कोणती जाईल व कोणती राहील ? या शेवटच्या प्रश्नाला जो ‘सर्व जाईल’ असें उत्तर देतो त्याच्याकडून उठून यावें. ‘तुम्हांला याची गरज नाहीं’ असें सांगणारा वैद्य भेटला तर त्याची फी वसूल झाली असें समजावें. आजच पैसे भरल्यास सवलत देणाऱ्याकडे तर उंबरठाहि ओलांडूं नये. सवलत फराळाच्या डब्यावर असावी, आपल्या चेहऱ्यावर नसावी.

ज्यांची वेळ आली नाहीं त्यांनीं काय करावें ? लहान उपाय आहेत. स्नायूंची ओढ शिथिल करणारी सुई तीन-चार महिने टिकते. खळगे भरणारें द्रव्य त्याहून कांहीं अधिक काळ टिकतें. तेंहि शिकलेल्या वैद्याच्याच हातून घ्यावें, कारण तें चुकून रक्तवाहिनींत गेलें तर कातडी मरते व क्वचित् दृष्टीहि जाते. सर्वांत स्वस्त उपाय मात्र रोजचे आहेत : उन्हांत डोक्यावर पदर, टोपी किंवा छत्री, कातडीला ऊन रोखणारा लेप, तंबाखूला फांटा, दांतांची निगा व पुरेशी झोंप. हे उपाय विशींत सुरू केले तर साठींत सर्वांत अधिक उपयोगी पडतात. तरुण श्रोत्यांनीं एवढें जरी उचललें, तरी त्यांतल्या पुष्कळांना पुढच्या प्रश्नाची गरज पडणार नाहीं.

शेवटीं घरच्या माणसांसाठीं दोन शब्द. आपल्या घरांतील आई, मावशी, वहिनी किंवा वडील यांच्या तोंडून असा विचार निघाला तर ‘या वयांत हे काय चाळे !’ असें म्हणूं नका. ज्या बाईनें तीस वर्षें घराचें तोंड राखलें, तिला स्वतःच्या तोंडाविषयीं एक प्रश्न विचारण्याचा अधिकार नाहीं काय ? आणि ‘करूनच टाक’ असेंहि म्हणूं नका. तिच्याबरोबर बसून त्या तीन ओळी लिहा, वैद्याकडे तिच्याबरोबर जा, तिचीं औषधें व तिची प्रकृति यांची खरी यादी करा, आणि निर्णय तिचा तिला करूं द्या. तिनें नको म्हटलें तर तो निर्णय जितका मानाचा, तितकाच विचारपूर्वक हो म्हटलें तर तोहि मानाचा. तक्रार नेमकी आहे, इच्छा स्वतःची व टिकाऊ आहे, शरीर तयार आहे, घर व पैसा सोबत आहे, अशीं चारहि उत्तरें ज्या दिवशीं मिळतील, तो दिवस विचार करण्याचा. त्यांतील एकहि उत्तर अडखळलें, तर वाट पाहण्यांत कांहीं बिघडत नाहीं. ही शस्त्रक्रिया तांतडीची कधींच नसते, आणि हीच तिच्याविषयींची सर्वांत सोयीची गोष्ट आहे.